आधी हॉर्न, मग शब्द: जूनच्या कार्यक्रमाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

आजपासून नोंदी ठेवणार आहे. मागच्या वर्षी कुठलं गाणं का गळलं हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही आणि तोच वाद आम्ही दोनदा घातला, एवढा वेळ आता नाहीये. ७ जूनला आमच्या इथल्या, म्हणजे मध्य न्यू जर्सीतल्या एका लायब्ररीच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, पन्नास मिनिटं. आम्ही सात जण गाणारे, दोन सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), दोन आल्टो (बायकांचा खालचा) त्यातली एक मी, दोन टेनर (पुरुषांचा उंच), एक खालचा आवाज, आणि सोबत पियानो, डबल बास, ड्रम्स. सगळे दिवसा नोकऱ्या करणारे. गाणी निवडायचं काम या वेळी मी मागून घेतलंय.

विषय ठरलाय, स्विंग, म्हणजे जॅझमधली ती झोके घेणारी लय, आणि व्होकलीज. व्होकलीज म्हणजे काय ते इथे लिहून ठेवते कारण नवीन टेनरने आज विचारलं. स्कॅटमध्ये गाणारा दू-बा-दॅप असे बोल घेऊन तिथल्या तिथे सुचेल ते गातो. व्होकलीजमध्ये उलट, कुणीतरी आधी रेकॉर्डवर हॉर्नवर, म्हणजे सॅक्स-ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यावर, एकट्याने वाजवून ठेवलेला सोलो असतो, तो जसाच्या तसा घ्यायचा, एकेका सुराला एकेक अक्षर बसवायचं आणि त्यातून चक्क एक गोष्ट सांगायची. म्हणजे वाजवणाऱ्याला त्या दिवशी त्या क्षणी जे सुचलं ते कायमचं गाणं होऊन बसतं.

कच्ची यादी अशी आहे. सुरुवातीला 'सेंटरपीस', बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा गट) ब्लूज आहे, ट्रम्पेटवाल्या हॅरी एडिसनची धून आणि जॉन हेंड्रिक्सचे शब्द, सगळ्यांना पटकन बसतं. मग 'मोनिन', त्यात एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, आपल्याकडे भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात ना तसं. मग 'ट्विस्टेड', 'मूडीज मूड फॉर लव्ह', 'फोर ब्रदर्स', शेवटी 'वन ओ'क्लॉक जंप'. डिरेक्टरला 'क्लाउडबर्स्ट' पण हवंय, मला शंका आहे पण यादीत ठेवलंय.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी सगळे माझ्याकडे जमले, पोहे आणि कॉफी, आणि फक्त ऐकायचं. लॅम्बर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस या तीन गाणाऱ्यांच्या जॅझ गटाची १९५७ ची, बँडवाल्या काउंट बेसीच्या गाण्यांची रेकॉर्ड लावली, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कुणी बोलायचं नाही.

त्या रेकॉर्डची हकीकत मी मुद्दाम सांगितली. डेव्ह लॅम्बर्ट आणि हेंड्रिक्सने काउंट बेसीच्या बँडची गाणी घेतली, हेंड्रिक्सने नुसत्या सोलोंवर नाही तर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सच्या सगळ्या सेक्शनवर शब्द लिहिले, आणि स्टुडिओत डझनभर गाणारे बोलावले. सगळे तयारीचे, नोटेशन बघून धडाधड गाणारे. पण बेसीचा डौल काही केल्या येईना. त्यांना ते शिकवायला म्हणून ॲनी रॉसला बोलावलं, तरी जमलं नाही, पैसे संपत आले, शेवटी त्या सगळ्यांना रजा देऊन या तिघांनीच टेपवर एकावर एक थर चढवत सगळे भाग स्वतः म्हटले. तिघं जण आणि अख्खा ब्रास सेक्शन! साथीला मात्र ताल धरणारी माणसं खरी होती, फ्रेडी ग्रीनची गिटार, एडी जोन्सचा बास, सनी पेनचे ड्रम्स हे तिघं बेसीच्याच बँडचे, पियानोवर नॅट पियर्स.

हे ऐकल्यावर जरा शांतता झाली. ते डझनभर गाणारे चुकले कुठे, सूर तर बरोबरच असणार ना, असं आमच्या धाकट्या सोप्रानोने विचारलं. याचं उत्तर आज कुणाकडेच नव्हतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन रिहर्सल झाल्या. आज फोनवर 'सेंटरपीस' रेकॉर्ड केलं आणि घरी येताना गाडीत ऐकलं. सूर चोख आहेत, शब्द कळतायत, सगळे एकत्र सुरू होतात आणि एकत्र संपतात, आणि गाणं जागचं हलत नाही. १९५७ चे ते डझनभर गाणारे म्हणजे आम्हीच.

कारण मला आज कळलं असं वाटतंय. आमच्यापैकी पाच जण चर्चच्या किंवा कॉलेजच्या क्वायरमधून आलेत, तिथे शिकवतात की प्रत्येक सूर गोल, भरलेला, पुढच्या सुराला जोडलेला हवा. आणि आम्ही सगळे शब्दांच्या कागदावरून शिकतोय. कागदावर शब्द सारख्या अंतरावर छापलेले असतात, त्यामुळे तोंडातूनही ते सारख्या वजनाने बाहेर पडतात. सॅक्सवाला असं वाजवत नाही, तो काही सूर नुसते स्पर्श करून सोडतो, इतके पुसट की ते आहेत हे पुढचा सूर आल्यावर कळतं, आणि ज्यावर भर द्यायचा तो भलत्याच जागी असतो.

म्हणून डिरेक्टरशी बोलून नियम केलाय. व्होकलीजच्या प्रत्येक गाण्यासाठी पहिले दोन आठवडे कागद नाही. लॅम्बर्ट-हेंड्रिक्स-रॉसचं रेकॉर्डिंग पण नाही. फक्त मूळ वाद्याचं रेकॉर्डिंग, नुसतं 'दा' आणि 'दू' वर गायचं. शब्द तिसऱ्या आठवड्यात. तिला पटलं, टेनरला नाही पटलं कारण वेळ कमी आहे, पण तो करून बघतो म्हणाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

'ट्विस्टेड'. मूळ वाजवलंय वॉर्डेल ग्रेने, टेनर सॅक्स, १९४९. ॲनी रॉसने त्यावर १९५२ मध्ये शब्द लिहिले, मनोविकारतज्ज्ञाकडे गेलेली बाई आणि डॉक्टरच्या मतावर तिचं स्वतःचं मत असं काहीतरी आहे ते, आणि लोक सांगतात की रेकॉर्ड कंपनीवाल्याने मागितल्यावर तिने एका रात्रीत लिहून आणलं. पुढे गायिका जोनी मिशेलनेही १९७४ मध्ये ते गायलं. हे मी एकटीने म्हणायचंय, बाकी सहा जण मागे.

गेले दोन आठवडे रोज रात्री मुलगा झोपल्यावर हेडफोन लावून ग्रेचा सोलो साठ टक्के वेगाने ऐकतेय. सॉफ्टवेअरमध्ये वेग कमी केला तरी पट्टी तीच राहते, ही फार मोठी सोय आहे. पेन्सिल घेऊन मी सूर लिहिले नाहीत, त्याचे श्वास लिहिले. कोऱ्या कागदावर बार मोजत गेले आणि जिथे जिथे तो श्वास घेतो तिथे स्वल्पविराम काढला, नुसत्या स्वल्पविरामांचं पान. मग त्यावर रॉसचे शब्द ठेवले आणि हात थांबला. तिचं वाक्य तिथेच मोडतं जिथे त्याचा दमसास संपतो. तो घाईत एकामागून एक सूर फेकतो तेव्हा ती बाई घाईघाईत बोलत असते, तो थांबून एक लांब सूर धरतो तेव्हा ती जरा विचार करते. म्हणजे तिने शब्द चालीवर बसवले नाहीत, त्या माणसाच्या श्वासात काय बोलणं चाललंय ते तिने ऐकलं.

ग्रे १९५५ मध्ये गेला, चौतिसाव्या वर्षी. मी ज्या जागी श्वास घेते ती जागा त्याची आहे, हे कळल्यापासून मला ते गाणं वेगळंच गावंसं वाटतंय.

आज रिहर्सलला श्वास त्याच्या जागी घेऊन म्हटलं. पहिल्यांदाच ड्रमरने मान वर करून बघितलं.

१ मार्च, शनिवार

रेड बँकला जाऊन आलो, मी आणि आमचा खालच्या आवाजाचा गडी. काउंट बेसी तिथला, १९०४ चा जन्म, आमच्या घरापासून तासाभराच्या आत आणि इतकी वर्षं इथे राहून मी कधी गेले नव्हते. त्याच्या नावाचं थिएटर आहे, बाहेर उभं राहून फोटो काढला, थंडी मरणाची होती. कामाचं फारसं काही झालं नाही पण जाताना-येताना गाडीत १९३७ चं 'वन ओ'क्लॉक जंप' किमान दहा वेळा ऐकलं असेल.

ऐकून जे पक्कं झालं ते लिहिते. बेसीचा पियानो एका पट्टीत, एफमध्ये, सुरू होतो आणि टेनर सॅक्स येताना गाणं डी फ्लॅटला जातं, ही उडी आमच्या अरेंजमेंटमध्ये, म्हणजे आवाजांसाठी केलेल्या मांडणीत, नव्हती, परत घालायची. टेनर दोन आहेत, आधी हर्शल इव्हान्स, नंतर लेस्टर यंग, आणि एकाच बँडमधले दोन टेनर इतके वेगळे, इव्हान्सचा सूर जाड आणि गरम, यंगचा हलका, जणू बोलता बोलता बाजूला बघतोय. आमच्या दोन टेनरना हे वाटून द्यायचं. आणि शेवटी सॅक्स, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असे तीन छोटे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, एकावर एक चढतात, प्रत्येक रिफ इतका साधा की लहान मूल म्हणेल, पण तिन्ही एकदम सुरू झाले की गाडीच्या स्टिअरिंगवर हात आपोआप चालायला लागतात.

११ मार्च, मंगळवार

आजची रिहर्सल माझ्यासाठी महत्त्वाची होती. डिरेक्टर म्हणाली की मी अजूनही एकवर आपटते. प्रत्येक ओळ बारच्या पहिल्या मात्रेवर जाऊन पक्की बसते आणि बाकीचे सगळे माझ्यामुळे तिथे ओढले जातात.

लहानपणी पुण्यात सहा वर्षं शास्त्रीय शिकलेय, सम अंगात आहे. बारा बारचा ब्लूज मला आवर्तनच वाटतो, अठ्ठेचाळीस मात्रा, आणि कुठेही भटकून आलं तरी समेवर यायचं हे मला कुणी सांगावं लागत नाही. स्विंगमध्ये टाळी दोन आणि चारवर, आणि ओळ बऱ्याचदा एकच्या आधीच, चारच्या अर्ध्यावर, येऊन बसते. मला हे इंग्रजीत वीस वेळा सांगून झालं होतं. आज ब्रेकमध्ये पार्किंगमध्ये उभी असताना एकदम आठवलं की याला आपल्याकडे शब्द आहे, अनागत. सम यायच्या आधीच सम दाखवायची, आणि खरी सम मग रिकामी जाते, ती फक्त मनात मोजायची. गुरुजी तबल्यावर करून दाखवायचे तेव्हा मी हसायचे कारण पाय चुकायचा.

आत येऊन 'सेंटरपीस' अनागत समजून म्हटलं. एकवर तोंड बंद, डबल बासला ती मात्रा देऊन टाकली. दुसऱ्या आल्टोने मला कोपर मारलं, म्हणजे बरं झालं.

(दुगणीबद्दल पण एक: स्विंगच्या दोन अर्ध्या मात्रा सारख्या नसतात, पहिली लांब दुसरी आखूड, पण हे प्रमाण वेगाप्रमाणे बदलतं, जलद लयीत त्या जवळजवळ सारख्या होतात. 'फोर ब्रदर्स'ला आम्ही हळू गाण्यासारखे झोके देत होतो म्हणून ते लंगडत होतं. सगळ्यांना मेल केलाय.)

२३ मार्च, रविवार

आईचा फोन. काय चाललंय म्हणून विचारलं तर मी तिला 'ट्विस्टेड' आधी सॅक्सवर आणि मग रॉसच्या आवाजात ऐकवलं.

"अगं, हे तर चालीवर पद बांधल्यासारखंच झालं की," आई म्हणाली. "स्वयंवर नाटकातली पदं नाही का, बखलेबुवांनी बंदिशी काढून दिल्या आणि खाडिलकरांनी त्यावर शब्द बांधले."

"आई, पण बंदीश आधीपासून ठरलेली असते ना गं. याने हे एकदाच वाजवलं, मनात आलं तसं. तू असं समज की कुणीतरी गाताना सुचलेली तान घेतली आणि तिच्या एकेका सुरावर अक्षर ठेवलं."

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग त्या बाईला ती तान आधी गळ्यातून काढावी लागली असेल."

अगदी हेच मी फेब्रुवारीपासून सगळ्यांना सांगतेय. स्वयंवर १९१६ चं आहे, म्हणजे आईच्या डोक्यात हे सगळं किती सरळ आहे बघा.

८ एप्रिल, मंगळवार

'फोर ब्रदर्स'वर पूर्ण संध्याकाळ गेली. जिमी जुफ्रीने वुडी हर्मनच्या बँडसाठी लिहिलं, १९४७, चार सॅक्स, तीन टेनर आणि एक बॅरिटोन, स्टॅन गेट्झ, झूट सिम्स, हर्बी स्टीवर्ड आणि सर्ज शॅलॉफ. चौघे एकमेकांना चिकटून चालतात, चार सूर एका सप्तकात दाटीवाटीने. हेंड्रिक्सने व्होकलीज लिहायला सुरुवात केली ती याच गाण्यापासून, आणि मॅनहॅटन ट्रान्सफरने १९७८ मध्ये ते पुन्हा लोकांपर्यंत नेलं.

विकत घेतलेल्या छापील अरेंजमेंटमध्ये दोन ठिकाणी चुका निघाल्या, दुसऱ्या आवाजाचा एक सूर अर्ध्या पायरीने वर छापलाय, आम्ही तीन आठवडे तो आमच्या सोप्रानोचा दोष समजत होतो आणि ती बिचारी घरी रडकुंडीला आली होती. मूळ रेकॉर्डिंग हळू करून ऐकलं तेव्हा ती बरोबर होती. तिची सगळ्यांसमोर माफी मागितली. इथून पुढे शंका आली की आधी रेकॉर्ड ऐकायची, कागद नंतर.

दुसरी अडचण मिसळण्याची. इतक्या जवळच्या सुरांत कुणाचाही आवाज कापला तर सगळं गढूळ होतं, तेव्हा कंप पूर्ण बंद, आणि 'आ' सगळ्यांचा एकच. चार जण चेहऱ्याला चेहरा करून एका वितीवर उभे राहिलो आणि नुसता एक कॉर्ड, म्हणजे चौघांचे चार सूर एकदम, दहा मिनिटं धरला, एकमेकांच्या तोंडाचा आकार बघत. आठव्या-नवव्या मिनिटाला कुठेतरी चार आवाजांचा एक झाला, पाचवाच कुणी गातोय असं वाटलं, आणि कुणी हललं नाही.

वेग मिनिटाला १८४ मात्रांवर ठेवलाय. मूळ त्याहून जलद आहे. १८४ वर शब्द कळतात, तेवढं पुरे.

२७ एप्रिल, रविवार

'क्लाउडबर्स्ट' काढलं. सगळे हताश झाले पण मला पटलंय, शब्दांचा नुसता पाऊस आहे तो आणि आमच्यात तो पेलणारा गळा या वर्षी नाही. त्या जागी काही नको, बाकीच्यांना श्वास मिळू दे.

'मूडीज मूड' मात्र सुंदर होत चाललंय. जेम्स मूडीने १९४९ मध्ये स्वीडनमध्ये उसन्या आल्टो सॅक्सवर एक जुनं प्रेमगीत वाजवलं, तो खरा टेनरवाला. एडी जेफर्सनने त्या सोलोवर शब्द लिहिले आणि किंग प्लेझरने १९५२ मध्ये ते गाऊन गाजवलं. मध्ये पियानोचा सोलो आहे तिथे एक बाई उत्तर देते, त्या रेकॉर्डवर ब्लॉसम डिअरी होती. जेफर्सनचं नाव लोक विसरतात याचं मला फार वाईट वाटतं, हे सगळं शास्त्र उभं करणाऱ्यांत तो आधीचा. १९७९ मध्ये डेट्रॉइटला क्लबमधून बाहेर पडताना त्याला गोळी घातली. कार्यक्रमात गाण्याआधी त्याचं नाव मी घेणार, दोन ओळी लिहून ठेवल्यात.

आणखी एक नाव घ्यायचंय. १९६२ मध्ये ॲनी रॉस बाहेर पडली तेव्हा तिच्या जागी योलांद बव्हान आली, सिलोनमध्ये जन्मलेली. तिच्यासोबतच्या रेकॉर्ड तीन आहेत आणि तिन्ही लाइव्ह, म्हणजे स्टुडिओचे थर नाहीत, ते तिथल्या तिथे गायलेत. आपल्याकडच्या बाजूची एक मुलगी रॉसच्या उंच ट्रम्पेटच्या जागा न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाच्या स्टेजवर घेत होती हे मला या वर्षीच कळलं. मी त्या रेकॉर्ड आता रोज ऐकते.

१३ मे, मंगळवार

'जंप'चे शेवटचे रिफ. आज फक्त व्यंजनांवर काम केलं. शब्दाच्या शेवटी 'ट' असेल तर तो सातही जणांनी एकाच क्षणी लावायचा, तो ड्रमरच्या काठीसारखा ऐकू येतो, एकाचा जरी मागे पडला तरी मूठभर खडे सांडल्यासारखं वाटतं. मग फॉल, म्हणजे सूर लावून लगेच घसरत सोडायचा, ट्रम्पेटवाले करतात तसा. सातजणांची घसरण सारखी लांब हवी. आम्ही हाताने दाखवून केलं, खांद्यापासून कमरेपर्यंत हात खाली आणायचा, कमरेशी आला की आवाज संपला. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

टेनर आज स्वतःहून म्हणाला की दोन आठवडे बिनशब्दांचं गायल्याशिवाय हे झालं नसतं. मी काही बोलले नाही, मिठीच मारली.

३ जून, मंगळवार

हॉलमध्ये रिहर्सल. प्रत्येकाला वेगळा माइक, आणि पहिली वीस मिनिटं फार वाईट गेली कारण मॉनिटरमधून, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, प्रत्येकाला स्वतःचाच आवाज येत होता, मग जो तो स्वतःला गातो. साउंडच्या मुलाला सांगून मॉनिटरमध्ये डबल बास आणि हाय-हॅट (ड्रम्समधल्या झांजा) वाढवले, आमचे आवाज कमी केले, आणि अर्धवर्तुळात उभे राहिलो म्हणजे एकमेकांचे श्वास दिसतील. लगेच फरक पडला. पियानोवाल्याला विनंती केलीये की 'सेंटरपीस'ला डाव्या हाताने कमी वाजव.

८ जून, रविवार

झालं काल. साधारण ऐंशी खुर्च्या, बऱ्याच भरल्या. 'सेंटरपीस' दुसऱ्या कोरसपासून, म्हणजे बारा बारच्या दुसऱ्या फेरीपासून, चाललं, पहिला घाबरून गेला. 'मोनिन'ला पुढच्या रांगेतले आजोबा आमच्याबरोबर उत्तर देत होते. 'फोर ब्रदर्स'मध्ये एक जागा सुटली, खालच्या आवाजाने दोन मात्रांत पकडली. 'मूडीज मूड'ला सोप्रानोने बाईचा भाग इतका हळुवार म्हटला की मी पुढचं विसरायच्या बेतात होते.

'ट्विस्टेड'ला मी कागद नेला नव्हता, फक्त ते स्वल्पविरामांचं पान चार घड्या करून खिशात होतं. ग्रेच्या जागी श्वास घेतले. एक चुकला, मधल्या कोरसमध्ये, आणि लगेच कळलं की पुढची ओळ माझी झाली, त्याची राहिली नाही, तिथून पुढच्या स्वल्पविरामाला परत पकडलं.

'जंप'च्या शेवटी तिन्ही रिफ चढले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, आधी एक-तीनवर, आणि मग ड्रमरने काय केलं कुणास ठाऊक, तिसऱ्या फेरीला अख्खा हॉल दोन-चारवर आला.

पुढच्या मंगळवारी सुट्टी. सप्टेंबरसाठी 'कॉटन टेल' घेतोय, ड्यूक एलिंग्टनचा बँड, १९४०, बेन वेब्स्टरचा टेनर सोलो, हेंड्रिक्सने त्यावर बागेत चोरी करणाऱ्या सशाची गोष्ट लिहिलीये. शब्द मी अजून कुणाला पाठवले नाहीयेत. वेब्स्टरची फाइल पाठवलीये, साठ टक्के वेगाची, आणि सोबत एक कोरं पान.